बांधावरची माणसे आणि मेट्रोजवळचे घर

नवेगाव बांधला येणाऱ्या पाहुण्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग वाघ पाहायला येतो आणि बहुधा न पाहताच परत जातो. दुसरा थंडीच्या दिवसांत पाखरे पाहायला येतो, आणि गळ्यात दुर्बीण अडकवून तासन्‌तास पाण्याकडे टक लावून बसतो. ज्या पाळीने हे पाणी अडवले आहे ती पाळ पाहायला मात्र कोणी येत नाही. माझ्या मते आमच्या गावी पाहण्यासारखी पहिली गोष्ट तीच.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. भोवतालच्या डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि त्यांतल्याच एका डोंगरावर कोलू पाटलांचे ठाणे आहे. लोकांनी त्यांचा ‘कोलासूर देव’ केला. तलाव बांधून देव झालेला माणूस! आजच्या काळात पूल बांधणाऱ्याचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसते. पुढे 1975 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, 2013 साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात गेले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि त्यांच्या लेखणीमुळे हे पाणी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांपर्यंत पोचले. पण मूळ करामत कोलू पाटलांची. डोंगरांची नैसर्गिक वाटी हेरायची, नेमक्या खिंडीत माती टाकून पाणी अडवायचे, येवा किती येईल आणि जास्तीचे पाणी कोणत्या बाजूने निघेल याचा अंदाज बांधायचा! हाताशी ना दुर्बीण, ना नकाशा. कोहळी मंडळींना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. जुन्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणत, त्यात त्यांचा वाटा मोठा.

हे सारे पुराण सांगण्याचे कारण असे, की गेल्या उन्हाळ्यात आमच्या कन्येला नागपुरास नोकरी लागली. कचेरी मिहानमध्ये, म्हणजे खापरीच्या मेट्रो स्टेशनाच्याही पुढे. “बाबा, घर नवे हवे, आणि मेट्रोजवळ हवे,” एवढ्या दोन अटी तिने घातल्या. तिसरी तिच्या आईने घातली : “एकटी पोर राहणार, शेजार बरा हवा.” मी नागपूरला निघालो हे कळताच शेजारचे वयोवृद्ध कोहळी शेतकरी कुंपणापाशी आले. आयुष्यभर ऊस आणि धान पिकवलेला माणूस. फ्लॅट म्हणजे काय हे त्यांनी पाहिलेले असेल-नसेल. म्हणाले, “गुरुजी, फरशी-बिरशी मंग पाहा. पाणी कोठून येते न् कोठी जाते, थे आधी पाहा.”

देवलगाव स्टेशनावरून गोंदिया, तेथून नागपूर, असे आम्ही तिघे गेलो.

मुंबईची तिसरी मेट्रो जमिनीच्या पोटातून धावते, पुण्याचीही काही वाट भुयारातून जाते. नागपूरची मात्र बहुतेक डोक्यावरून. 2019 च्या मार्चमध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. डिसेंबर 2022 पासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर असे दोन्ही मार्ग पुरे धावू लागले. सीताबर्डीला त्यांची गाठ पडते. या उंचीमुळे एक गंमत होते. जाहिरातीत ‘मेट्रोलगत’ असे मोठ्या अक्षरांत असते, आणि ते खरेही असते. कारण रूळ थेट तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून जातात. आम्ही एका घरात उभे असताना गाडी गेली. डब्यातल्या एका गृहस्थांनी आमच्याकडे, आणि आम्ही त्यांच्याकडे, ओळख असल्यासारखे पाहिले. एवढे जवळ येऊनही स्टेशन मात्र तेथून चांगले वीस मिनिटांच्या पायपिटीवर! गाडी रुळांवर धावते, पण थांबते स्टेशनावर. तेव्हा घर पाहाल तर अंतर दलालाच्या तोंडून ऐकू नका. भर दुपारी चालत जा, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा एकदा चाला. शेवटची गाडी किती वाजता, हेही विचारून ठेवा.

दुसरे घर पश्चिमेकडे, अंबाझरीच्या बाजूला. तळमजला, इमारत नवी कोरी, भिंतींना अजून रंगाचा वास, स्टेशन पाच मिनिटांवर आणि भाडे आश्चर्य वाटावे इतके कमी. कन्या खूष झाली. मला मात्र शेजाऱ्यांचे शब्द आठवले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलीमीटर पाऊस कोसळला होता. अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि त्याखालच्या वस्त्यांत, नागनदीच्या काठाने, झोपलेल्या माणसांच्या घरांत पाणी शिरले. माणसेही दगावली. मी इमारतीच्या मालकांना विचारले. ते म्हणाले, “छे हो! आमच्या इमारतीत कधीच पाणी आलेले नाही.”

खरेच होते ते. त्या रात्री ही इमारत उभीच नव्हती!

मी समोरच्या इस्त्रीवाल्याकडे गेलो. त्याचे टपरे जुने. त्याने काही न बोलता आपल्या टेबलाच्या वर, छातीएवढ्या उंचीवर हात धरला. तलावाच्या खालच्या अंगाला राहणे वाईट असे नाही. आमचा सारा गाव तसाच राहतो. पण आमच्याकडे सांडवा कोणता आणि त्याची वाट कोणती हे पोरासोरांना ठाऊक असते, आणि त्या वाटेवर कोणी स्वयंपाकघर बांधत नाही. कन्या थोडी हिरमुसली. मी तिला इस्त्रीवाल्याकडेच पाठवले. परत आली ती न बोलता रिक्षात बसली.

मग दोन दिवस आम्ही घरांपेक्षा घराशेजारची माणसेच जास्त पाहिली. चहावाला, दूधवाला, औषधांचा दुकानदार. प्रत्येकाला एकच प्रश्न, त्या रात्री येथे पाणी कोठवर आले होते? एकदोघांना आम्ही विमा कंपनीची माणसे वाटलो. अखेर जयप्रकाशनगर स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, गल्लीच्या आत, दुसऱ्या मजल्यावरचे घर मिळाले. खापरीला गाडी थेट, बदलायची यातायात नाही. भाडे अंबाझरीच्या घरापेक्षा बरेच जास्त. कन्येच्या पगाराला ते जड जाते, म्हणून दर महिन्याचा तांदूळ आमच्या येथून जातो.

बाकीची तपासणी सौभाग्यवतींनी केली. भोगवटा प्रमाणपत्र मी मागितले. त्यांनी बादली मागितली. न्हाणीघरात ती उपडी करून पाणी मोरीकडे जाते की दाराकडे, हे कमरेवर हात ठेवून पाहिले. ते दाराकडे निघाले. मालकांना फरशी उखडून पुन्हा बसवावी लागली, आणि मगच अकरा महिन्यांच्या करारावर सही होऊन त्याची रीतसर नोंदणी झाली.

कन्या आता रुळली आहे. परवा शेजाऱ्यांनी विचारले, “घर कसे हाय?” मी म्हटले, दुसरा मजला, गच्चीचा उतार मागच्या नालीकडे. “न् नाली?” त्यांनी विचारले. पुढच्या खेपेला नालीच्या काठाने चालत जाऊन पाहून येणार आहे. सौ. म्हणतात, फोन करून विचारा.