डाव नंबर ११९८२

आमच्या ऑफिसात माझी ओळख दोन प्रकारची आहे. एचआरच्या फाइलमध्ये मी ‘टेस्ट मॅनेजर’ आणि पॅन्ट्रीमध्ये ‘टिप्सवाल्या मॅडम’. टिप्स गेमच्या, बरं का! शेअरच्या नव्हेत. शेअरमधलं काही कळत असतं, तर रोज सकाळी डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून आले असते कशाला?

तर गेम्स. म्हणजे बंदुका, रक्त, हेडफोन लावून ओरडणं वगैरे नाही. साधे, टाइमपास गेम्स. चहा गार होईपर्यंत एक डाव संपणारे. लंच टाइममध्ये कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतं आणि मी सुरू होते. ‘२०४८’मध्ये अडकलात? सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात ठेवा आणि तो तिथून हलवू नका. चारपैकी एक दिशा अगदी नाइलाज झाला तरच वापरायची. ‘वर्डल’? पहिल्या शब्दात एकच अक्षर दोनदा नको. माइनस्वीपर? एका ओळीत १-२-१ दिसले आणि त्यांच्या एकाच बाजूला बंद चौकोन असले, तर बॉम्ब दोन्ही एकांच्या समोर. १-२-२-१ दिसले, तर दोन्ही दोनांच्या समोर. डोळे मिटून क्लिक करा!

परवा टीममधली एक नवीन मुलगी असाच मोबाइल घेऊन आली. तीन दिवस एका लेव्हलवर अडकली होती. गेमचा प्रॉब्लेम नव्हता, पण ती जे म्हणाली त्याने मी दचकले. “मॅडम, मी ना मठ्ठच आहे.”

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. आमच्या हॉलमध्ये. बाबांच्या तोंडून.

गोष्ट २००१ सालची. त्या वेळी सरकारी बँकांमध्ये व्हीआरएसची लाट आली होती. बाबा एका बँकेत हेड कॅशियर. वय बावन्न. शाखेत कॉम्प्युटर आले, लेजरं कपाटात गेली आणि बाबांनी फॉर्म भरला. “आता त्या उंदराशी खेळायचं वय राहिलं का माझं?” असं म्हणाले. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्या पगारांतून हप्त्यावर असेंबल्ड पीसी घेतला. विंडोज ९८. हॉलमध्ये टीव्हीशेजारी त्याला जागा मिळाली आणि आईने त्याला लगेच फुलाफुलांचं कव्हरही शिवलं.

बाबांना माउस शिकवायला मी सॉलिटेअर उघडून दिलं. हा फंडा काही माझा नाही. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर हा गेम आला, तेव्हापासून कितीतरी लोक पत्ते ओढता ओढताच माउस शिकले. तो लिहिला होता वेस चेरी नावाच्या एका इंटर्नने. त्याचे त्याला काही वेगळे पैसे मिळाले नाहीत! त्याने म्हणे त्यात एक ‘बॉस की’ पण घातली होती. साहेब आला की ती दाबायची, स्क्रीनवर खोटं स्प्रेडशीट हजर. कंपनीने ती काढायला लावली. ऑफिसात काम करणाऱ्या समस्त जनतेचं केवढं हे नुकसान!

पण बाबा सॉलिटेअरवर रमले नाहीत. “यात नशीब फार आहे,” म्हणाले. आणि ते फ्रीसेलवर जाऊन बसले.

फ्रीसेल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी… बावन्नच्या बावन्न पत्ते सुरुवातीलाच उघडे. आठ रांगा. डाव्या हाताला चार रिकामी घरं, जिथे एकेक पत्ता तात्पुरता ठेवता येतो. उजवीकडे एक्क्यापासून राजापर्यंत चार रंग लावायचे. लपवलेलं काही नाही. बदाम सातमध्ये निदान समोरच्याने सत्ती दाबून ठेवली असं म्हणता येतं. इथे चुकलात तर तुम्हीच चुकलात.

बाबांना हेच आवडलं. सगळी कॅश टेबलावर, आता जुळवा!

विंडोजच्या त्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते, प्रत्येकाला नंबर. बाबांनी एक नंबरपासून सुरुवात केली. रोज एक डाव. बँकेतून आणलेल्या लांबट वहीत रकाने आखले: डाव क्रमांक, तारीख, प्रयत्न, शेरा. आणि सूचना वाचल्याशिवाय मिक्सरही सुरू न करणारा माणूस, त्यामुळे गेमचं ‘हेल्प’ पण अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यात अशा अर्थाचं लिहिलं होतं की, प्रत्येक डाव सुटतो असं मानलं जातं, मात्र ते सिद्ध झालेलं नाही. बाबांनी वाक्याचा पहिला भाग लक्षात ठेवला.

आणि मी? मी त्यांच्या खुर्चीमागे उभी. “बाबा, आधी एक्के आणि दुर्र्या कुठे दबल्यात ते बघा. बाबा, घरं भरू नका. चारही घरं रिकामी असली तर एका वेळी पाच पत्ते हलतात. त्यात एक रांग रिकामी झाली, तर दहा. बाबा, रिकामी रांग म्हणजे सोनं, तिथे तिर्री काय टाकताय?”

सगळ्या टिप्स बरोबर. पण बाबा एक दिवस मान न वळवता म्हणाले, “कॅशियर नोटा मोजत असताना त्याच्या मागे उभं राहून आकडे म्हणतात का कोणी?”

वर त्याच रविवारी पाहुण्यांसमोर हसत हसत सांगितलं, “हिला ना, दुसऱ्याचा डाव खेळायला फार आवडतं.”

सगळे हसले. मला मात्र झोंबलं. तेवीस वर्षांची होते. त्या वयात फार झोंबतं.

ऑफिसच्या नेटवर मी एक भारी माहिती वाचली होती. १९९४ मध्ये डेव्ह रिंग नावाच्या माणसाने इंटरनेटवर शंभरहून जास्त हौशी लोक जमवले आणि हे ३२,००० डाव त्यांच्यात वाटून टाकले. ज्याला जो सुटणार नाही, तो त्याने दुसऱ्याकडे द्यायचा. १९९५ पर्यंत सगळे डाव सुटले, फक्त एक सोडून. नंबर ११९८२. नंतर कॉम्प्युटर प्रोग्रॅमनी सगळ्या शक्यता तपासल्या, तरीही तो सुटला नाही. तो सुटतच नाही.

सोमवारी रात्री जेवताना मी अगदी सहज म्हणाले, “बाबा, एकेक नंबर काय खेळताय? एफ-थ्री दाबा आणि ११९८२ टाका. आमच्या ऑफिसातल्या पोरांनी दहा मिनिटांत सोडवला.”

एवढंच. एका संध्याकाळची गंमत. उद्या सांगून टाकू.

पण उद्या आमचं रिलीज होतं. मग पावसाने लोकल बंद. मग मी आत्याकडे विक्रोळीला राहिले. मग विसरलेच. खरं सांगू? पूर्ण विसरले नव्हते. बाबांना काहीतरी जमत नाही आणि ते मला विचारत नाहीत, हे मला जरा आवडतही होतं.

तीन आठवड्यांनी आई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, “अगं, ते रात्री दोन-दोनला उठून बसतात त्या कॉम्प्युटरपुढे.”

मी वही उघडली. ११९८२ च्या समोर प्रयत्नांच्या रकान्यात चार उभ्या रेघा आणि एक आडवी, चार उभ्या आणि एक आडवी… रकाना संपून पुढचं पान भरलं होतं. शेऱ्याची जागा कोरी.

त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. खजिनदार गावी चालला होता. हिशेब सांभाळायला बाबांपेक्षा योग्य माणूस कोण? तीस वर्षं कॅश सांभाळलेला, एक रुपया इकडचा तिकडे न झालेला माणूस. बाबा म्हणाले, “नको. आता जमायचं नाही. डोकं चालत नाही पूर्वीसारखं. मठ्ठ झालोय.”

कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं होतं. त्यांनीच घातलं होतं.

सेक्रेटरी गेल्यावर मी सगळं सांगितलं. डाव सुटत नाही, मला माहीत होतं, ऑफिसातली पोरं वगैरे थाप होती. बाबा रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “तपासलंय ना नीट? किती जणांनी?”

मी सांगितलं. माणसांनी आणि कॉम्प्युटरनेसुद्धा.

“म्हणजे माझी चूक नव्हती,” म्हणाले. आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले.

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या हिशेबाच्या फायली घरात आल्या. वहीत ११९८२ समोर लाल शाईने शेरा पडला: ‘सुटत नाही. पत्तेच तसे पडले आहेत.’ आणि त्याच्या खाली, जिथे सोडला होता तिथून, पुढचा नंबर.

मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की आपण टिप देतो तेव्हा काय देतो. समोरचा नुसता गेममध्ये अडकलेला नसतो. आपल्याला जमत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असा हिशेब तो मनात मांडत असतो. ‘रिकामी रांग जपा’ हे त्याला आज ना उद्या स्वतःचं स्वतः कळेल. पण ‘हा डाव सुटणारा नाही’ हे ज्याला माहीत आहे, त्याने सांगायलाच हवं. आणि मी नेमकं तेच दाबून ठेवलं होतं.

हे सगळं माझ्यावर उलटलं २००९ मध्ये. मंदी. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि काही महिन्यांनी आमचा क्लायंट गेला, क्लायंटबरोबर प्रोजेक्ट गेला, प्रोजेक्टबरोबर मी. एका शुक्रवारी दुपारी आयकार्ड काढून घेतलं. आठ वर्षांची नोकरी, एका खोक्यात मावली.

त्या वर्षी जूनमध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आलं होतं. मी घरी बसून शेती करायला लागले. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. म्हणून मी चार-चार तासांचा गजर लावायचे, रात्रीसुद्धा! वेळेत काढली नाही तर पीक वाळतं ना… नोकरीसाठी मात्र एकही अर्ज केला नव्हता.

एका रात्री तीनचा गजर झाला आणि मागे बाबा उभे. हातात चहाचे दोन कप. टिप दिली नाही. बसले. जरा वेळाने विचारलं, “किती जणांना काढलं?”

“आमच्या टीममधले सगळे. चौदा.”

“मग हा ११९८२ आहे. वाळवत बसू नकोस स्वतःला.”

मला रडूच आलं. पण बाबा कॅशियर! हिशेब अर्धा सोडतील कसे? चहा संपवून म्हणाले, “पण बत्तीस हजारांत तसा एकच असतो, हेही लक्षात ठेव. नोकरी गेली ती पत्त्यांमुळे. पुढची मिळत नाहीये ती कशामुळे, ते बघ.”

बघितलं. पाच वर्षं मी एकाच प्रकारचं टेस्टिंग हाताने करत होते. बाहेर ऑटोमेशन आलं होतं आणि मी ते शिकायचं टाळत होते. चारही घरं भरून बसले होते म्हणा ना! दुसऱ्या दिवशी क्लासची चौकशी केली. नोकरी मिळायला सात महिने लागले, आणि पगार आधीपेक्षा कमी. पण मिळाली.

फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. ज्या फ्लॅशवर ते चालायचं, ते फ्लॅशच त्या दिवशी संपलं. माझी स्ट्रॉबेरी त्याच्या कितीतरी आधी वाळून गेली होती.

परवाच्या त्या मुलीला मी काय सांगितलं? आधी तिची लेव्हल नीट पाहिली. पूर्वी मी थेट टिप फेकायचे, आता आधी बघते. सुटणारी होती. “मठ्ठ वगैरे काही नाहीस,” म्हटलं, “दोन चाली आधी चुकतेयस. कुठे ते सांगू, की शोधतेस?” ती म्हणाली, “शोधते.” मी माझा डबा उघडला.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. हॉलमधला पीसी कधीच भंगारात गेला. आता ते टॅबवर खेळतात. फ्रीसेल तेच, जुन्याच नंबरांचं, रोज एक डाव. मधल्या चोवीस वर्षांत फक्त आजारपणं आणि लग्नकार्यांचे दिवस गाळले. तिसरी वही चालू आहे. स्क्रीनवर कोपऱ्यात ‘हिंट’चं बटण लुकलुकत असतं, त्याला त्यांनी आजवर बोट लावलेलं नाही.

गेल्या रविवारी वहीत डोकावले. आठ हजारांच्या पुढे गेलेत. सहज म्हटलं, “बाबा, असेच खेळत राहिलात तर अजून दहाएक वर्षांनी ११९८२ येईल. तेव्हा काय करणार?”

बाबांनी चष्मा वर केला. “काय करणार म्हणजे? मांडून बघीन पुन्हा एकदा.”

“अहो, पण सुटत नाही तो!”

“माहितेय. तू मागे उभी राहू नकोस, म्हणजे झालं.”