पोर्ट लुईस पाहण्यापूर्वी

चि. श्रीधर यास,

तुझे पत्र पावले. मॉरिशसचा सारा मुक्काम समुद्रकिनाऱ्यांच्या वाट्यास देऊन पोर्ट लुईस या राजधानीकरिता तू केवळ एक दुपार राखून ठेवली आहेस, हे वाचून चार शब्द लिहावेसे वाटले.

प्रवाशाला प्रथम नव्या धक्क्यावरील ब्लू पेनी संग्रहालयात नेण्याचा तेथे प्रघात आहे. १८४७ सालच्या दोन दुर्मिळ टपाल-तिकिटांचा रंग उडू नये म्हणून मूळ प्रती थोडा थोडा वेळच उजेडात आणतात, आणि तो मुहूर्त साधण्यासाठी मंडळी ताटकळत उभी असतात. तिकिटे अवश्य पाहा, निसर्गविज्ञान संग्रहालयातील डोडो पक्ष्याचा सांगाडाही पाहा. परंतु आरंभ टेकडीवरील सिटॅडेल किल्ल्यापासून कर. १८३४ ते १८४० या काळात इंग्रज सरकारने तो बांधला, त्यामागे गुलामगिरी रद्द झाल्याने चिडलेल्या फ्रेंच मळेवाल्यांची धास्तीही होती. १८३५ मध्ये गुलाम मोकळे होणार होते, उसाला मजूर हवेच होते, आणि म्हणून ज्या बंदरावर तटावरून तुझी दृष्टी पडेल त्याच बंदरात १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी माणसे करारावर उतरली.

ती जेथे उतरली त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी पाहणारा बहुधा निराश होतो. कारण मूळ आगाराचा थोडाच अंश उरला आहे, आणि मुख्य दर्शनीय वस्तू म्हणजे दगडाच्या सोळा पायऱ्या. किल्ला आधी पाहिलेल्यास मात्र त्या पायऱ्या शहराचा उलगडा करून देतात. मजुरांखेरीज कच्छी मेमण व्यापारी आले, चिनी दुकानदार आले. म्हणूनच चिनी पेठेला लागून जुमा मशीद उभी आहे, आणि मध्यवर्ती बाजारात क्रिओल बोलणारा विक्रेता तव्यावरून दालपुरीची जोडी उतरवून, तिच्यावर घेवड्याची उसळ नि मिरचीची चटणी घालून, कागदात गुंडाळून तुझ्या हाती देतो. ही पुरी आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण समज. ती उभ्यानेच खावी. बसून खाण्याची सोय शोधण्यात ती निवते.

आपल्या कोकणातूनही माणसे मुंबई बंदरामार्गे तिकडे गेली, त्यांच्या वंशजांची मराठी मंडळे आजही आहेत, आणि गणेशचतुर्थीस त्या देशात सरकारी सुट्टी असते. मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. नाव, वय, गाव, अंगावरची खूण असा तपशील त्यांत लिहून ठेवलेला असे. ते दप्तर पाहण्यास परवानगी मिळेल काय, याची चौकशी निघण्यापूर्वी पत्राने कर, आणि मिळाल्यास एक किनारा कमी करून मोक्याला जा. समुद्र तुला रत्नागिरीसही भेटेल.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका