सिडनी पॉइंटवरून दिसणारे निळे डोंगर

पाचगणीत आलेली कुटुंबे टेबललँडवर घोड्यावर बसतात, स्ट्रॉबेरी घेतात आणि परततात. गावाच्या वाईकडच्या बाजूला असलेल्या सिडनी पॉइंटसाठीही एक सकाळ राखून ठेवा. खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी, पलीकडे पांडवगड आणि मांढरदेवच्या रांगा. जवळचा उतार गडद हिरवा, मधली रांग करडी आणि शेवटची इतकी फिकट निळी, की आकाश कुठे सुरू होते ते कळत नाही.

दिवाळीच्या सुटीत माझी भाची तैलरंग घेऊन सोबत आली होती. तिने आधी सगळेच डोंगर एकसारखे हिरवे रंगवले. कॅनव्हासवर एकामागे एक तीन भिंती उभ्या राहिल्या.

"खाला, तिथंही झाडंच आहेत ना?"

"आहेत. पण आपल्याला दिसतात का?"

तिने पॅलेट नाइफने रंग खरवडला आणि आकाशापासून पुन्हा सुरुवात केली. आकाशाच्याच रंगात किंचित निळा मिसळून शेवटची रांग, तिच्या कडा कोरड्या ब्रशने पुसट केलेल्या. पुढच्या प्रत्येक रांगेत पांढरा कमी आणि हिरवा-तपकिरी जास्त. सर्वांत गडद सावली आणि जांभ्या दगडाचा तांबूसपणा फक्त पायाजवळ. दरी आपोआप खोल झाली.

आकाश निळे का, हे ती विज्ञानात शिकली आहे. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. दूरच्या डोंगराच्या आणि आपल्या मध्ये तीच हवा थरावर थर साचते. लिओनार्दोने हे टिपून ठेवले होते. १५८० मध्ये पाद्री अकबराच्या दरबारी युरोपीय चित्रे घेऊन आले, आणि बसावनसारख्या मुघल चित्रकारांच्या कामातही दूरचे क्षितिज फिके होऊ लागले.

भाची आता अकरावी सायन्सला आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळाले, तेव्हा रंगांची पेटी माळ्यावर टाकायचे घरात ठरले होते. अनेक घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हेच होते. पण त्या सकाळी ती दोन तास जागची हलली नाही. जे माहीत आहे ते बाजूला ठेवून जे दिसते ते पाहणे, ही सवय प्रयोगशाळेतही लागतेच. पेटी माळ्यावर टाकण्याआधी मुलांना एकदा अशा कड्यावर घेऊन जा.