वाचून दाखवू नका, वाचू द्या

डोळ्यांनी दिसेनासे झालेल्या माणसाला सर्वांत जास्त काय खुपते? आम्हाला विचाराल तर आम्ही रस्ता ओलांडणे सांगणार नाही. रस्ता कोणीही हात धरून ओलांडून देतो. खुपते ते वाचन. बढतीचे परिपत्रक असो की भविष्य निर्वाह निधीचा हिशेब, सारे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. वाचून दाखवणारा कितीही भला असला तरी गाळतो. "हे तुमच्या कामाचे नाही हो," म्हणतो आणि पान उलटतो. आमच्या कामाचे काय, ते तोच ठरवतो!

आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनीला लागलो, तोवर डोळ्यांनी साथ दिली. पुढे काचबिंदूने एकेक करून दोन्ही नेले. आता घरी एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स, ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर आणि लिंक्स नावाचा ब्राउझर. तिन्हींना पैसा पडत नाही. विंडोज असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही मोफत मिळतो; ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरची अक्षरे बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. आवाज यंत्राचा, सपाट. पहिले आठ दिवस कान किटतात. मग आपणच वेग वाढवतो आणि घरचे विचारतात, हे काय चालले आहे!

लिंक्सचे वैशिष्ट्य असे की तो फक्त अक्षरे दाखवतो. चित्र नाही, उड्या मारणारी जाहिरात नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात तो तयार झाला आणि आजही चालतो. खालच्या बाणाने पुढच्या दुव्यावर जायचे, उजव्या बाणाने तो उघडायचा, डाव्याने परत फिरायचे. तिरपी रेघ दाबून शब्द शोधायचा. मात्र त्याच्या पर्यायांत कर्सर दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. म्हणजे आपण कोणत्या दुव्यावर उभे आहोत ते स्क्रीन रीडरला कळते. आमचे दोन दिवस याच एका गोष्टीत गेले.

ही वाट आधी चाललेले लोक आहेत. टी. व्ही. रामन पुण्याचे. चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या आयआयटीत शिकले, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली आणि १९९५ साली त्यांनी ईमॅकस्पीक हा बोलणारा प्रोग्रॅम लोकांना खुला केला. तोही सारा अक्षरांवरच उभा.

लिंक्सने सगळे भागते असे मात्र नाही. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट अशा पानांपुढे तो हात टेकतो, कारण ती पाने ज्या जावास्क्रिप्टवर चालतात ती याला येत नाही. तिथे फायरफॉक्स उघडावा लागतो. पण लेख, कायदा, बातमी वाचायची तर आम्ही लिंक्सच पसंत करतो. एखादे कलम तीनदा ऐकले तरी कोणी उसासा टाकत नाही.

खरी अडचण यंत्राची नाहीच, कागदाची आहे. परिपत्रक टाइप करायचे, छापायचे, सही-शिक्का मारून स्कॅन करायचे आणि ते चित्र चढवायचे, ही कचेऱ्यांची रीत. चित्रापुढे आमचे यंत्र मुके. दुसरी तऱ्हा जुन्या मराठी फॉन्टची. डोळ्यांना छान देवनागरी दिसते आणि यंत्र मात्र इंग्रजी अक्षरे नि खुणा बडबडत सुटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४२ वे कलम सांगते की मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात मिळावा, यासाठी शासनाने पावले उचलावीत. आपल्यापैकी अनेक भाऊ-बहिणी कचेऱ्यांत टायपिंग करतात. युनिकोडमध्ये टाइप केलेली मूळ फाइल स्कॅनसोबत चढवायला फार वेळ लागत नाही, हे त्यांना आम्ही काय सांगावे!

मागे एका कार्यालयाकडे आम्ही नेमका हाच अर्ज केला. महिन्याभराने उत्तर आले. स्कॅन केलेले! शेजारच्या बारावीतल्या पोरीला ते वाचायला बसवले आणि आधीच बजावले, "बाळ, वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या सहीपर्यंत सगळे वाच." तिने वाचले. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' एवढेच होते. जावक क्रमांक लिहून घेतला आहे. स्मरणपत्र सोमवारी जाईल.