हुंडणावळ

मराठीत एक मोठा गमतीचा प्रत्यय आहे. सोने घडवले की घडणावळ, कपडे धुतले की धुणावळ, परगावचा चेक वटवला की वटणावळ. कामाच्या शेपटीला 'णावळ' लावली की त्या कामाची मजुरी तयार! याच कुळातली एक वयोवृद्ध बाई म्हणजे हुंडणावळ. वर्तमानपत्रांतून ती आता डॉलर-पौंडांच्या भावापुरतीच भेटते. परंतु तिचा मूळ धंदा निराळा. एका गावचा पैसा हुंडीच्या कागदावर बसून दुसऱ्या गावी जाई आणि त्या प्रवासाचे भाडे म्हणून सराफ जे कापून घेई, ती हुंडणावळ. पैशालाही तिकीट काढावे लागते हे आपल्या आज्या-पणज्यांनी निमूटपणे मान्य केले होते.

सोलापूरच्या माणसाला कापाकापीचे हे शास्त्र नव्याने शिकवायला नको. चाटी गल्लीच्या कापडबाजारात वटाव, बट्टा, दलाली हे शब्द पोरांच्या कानांवर बाराखडीच्या आधी पडत. आणि बाजारसमितीतली पट्टी! फेब्रुवारी २०२३ मध्ये जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने येथे ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हाती उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक निघाला दोन रुपयांचा. ती पट्टी साऱ्या देशाने पाहिली. आम्हांला मात्र तिच्यातला आकडाच काय तो नवा होता. तिची वजाबाकी ओळखीची होती.

मी हे पुराण मांडतो आहे ते आमच्या शेजारच्या अण्णांमुळे. अण्णा पद्मशाली. त्यांचे पूर्वज तेलंगणातून येऊन सोलापूरच्या पूर्वभागात मागाशी बसले ते बसलेच. आज त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग आहेत. टॉवेल आणि नॅपकिन निघतात. वडिलांच्या वेळेपासून माल पेढीवर जाई, पेढीवाला वटाव कापून, तीन महिन्यांच्या वायद्याने पैसे देई. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या सूनबाईंनी एका ऑनलाइन बाजारात दुकान मांडले. ग्राहक कुठला गुवाहाटीचा, कुठला कोची येथला. टॉवेल मात्र अण्णांच्या शेडमधला. म्हाताऱ्याला आरंभी फार कौतुक वाटले. मग हिशेब येऊ लागले, आणि मी मास्तर म्हणून ते वाचायला मला बोलावणे येऊ लागले.

"मास्तर, हे बघा. चारशे पन्नासचा जोड. आमच्या हातात तीनशे तेवीस. मधले कुठे गेले?"

मी कागद समोर घेतला. कमिशन ३६ रुपये. ठरीव शुल्क २०. वाहतूक ४०. वसुली ९. या १०५ रुपयांवर शेकडा १८ प्रमाणे जीएसटी, म्हणजे १८ रुपये ९० पैसे. त्याशिवाय दोन बारीकशा वजावटी, दोन्ही मिळून अडीच रुपयांच्या आसपास. अण्णांचा सगळा राग त्या अडीच रुपयांवर होता, कारण तेथे 'कर' हा शब्द छापलेला होता. वास्तविक त्या दोन्ही वजावटी सर्वांत निरुपद्रवी. पहिली जीएसटीतली. ऑनलाइन बाजाराने विक्रेत्याच्या पैशातून शेकडा १ कापून सरकारात भरायचा, असे १ ऑक्टोबर २०१८ पासून ठरले. १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का झाला. दुसरी आयकराची. तीही १ ऑक्टोबर २०२० पासून शेकडा १ होती; १ ऑक्टोबर २०२४ पासून ती हजाराला एक रुपया उरली आहे. म्हणजे लाखाच्या विक्रीवर पूर्वी ढोबळ दोन हजार अडकत, आता सहाशे अडकतात. आणि अडकतात म्हणजे बुडत नाहीत, हिशेबात परत वळते होतात. ज्याचे भांडवल सुताच्या दोन गाठोड्यांएवढे, त्याला चौदाशे रुपये आधी हाती येणे ही लहान गोष्ट नव्हे. वरच्या १८ रुपये ९० पैशांचेही तसेच. अण्णांची नोंदणी असल्यामुळे ते त्यांच्या भरण्यातून वजा होतात.

खरे कोडे होते ते त्या नऊ रुपयांचे. वसुली! ही आमची जुनी हुंडणावळच की, नवे लुगडे नेसून आलेली.

अण्णांच्या घराच्या ओसरीवरही विक्री होते. तेथे भिंतीला चौकोनी ठिपक्यांचा कागद डकवला आहे. गिऱ्हाईक मोबाइल दाखवते, डबीतून बाईचा आवाज रक्कम पुकारतो, आणि चारशे पन्नासचे चारशे पन्नास खात्यात येतात. यूपीआय २०१६ साली आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या आणि लोकांना त्याची सवय लागू लागली. पुढे १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर दुकानदाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असा नियम झाला. तोवर डेबिट कार्डाला, वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान दुकानदारालादेखील, शेकडा ४० पैशांपर्यंत भाडे पडे. तेव्हा अण्णांचा प्रश्न बिनतोड होता : "ओसरीवर पैशाला तिकीट नाही, मग तिकडेच का?"

याचे उत्तर मला दोन-तीन रात्री शोधावे लागले. एक तर ऑनलाइन बाजारातले कितीतरी ग्राहक अजून माल दारात आल्यावर नोटा मोजून देतात. त्या नोटा कुणी तरी थैलीत घालून न्यायच्या, मोजायच्या, बँकेत भरायच्या. दुसरे, ग्राहकाने दिलेले पैसे बाजाराच्या मालकाने आपल्या गल्ल्यात मिसळायचे नाहीत, बँकेत वेगळ्या खात्यात ठेवून ठरल्या मुदतीत विक्रेत्याला पोचवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. २००९ साली त्याचा आरंभ झाला, आणि १७ मार्च २०२० च्या नियमांनी तो अधिक कडक झाला. उद्या बाजार बुडाला तरी अण्णांचे टॉवेल त्याच्याबरोबर बुडू नयेत, हा त्यातला हेतू. या सगळ्या राखणीला खर्च आहे. आणि तिसरे असे की, ओसरीवरचा व्यवहार तरी फुकट कुठे आहे? तिथले भाडे सरकार आपल्या तिजोरीतून देते. लहान दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर बँकांना शेकडा १५ पैसे मिळावेत म्हणून २०२४-२५ या वर्षासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली होती. म्हणजे हुंडणावळ मेलेली नाही. तिची सोय सरकारने केली आहे, इतकेच.

जुने दिवस स्वस्त होते असे मात्र कुणी मला सांगू नये. दिवाळी अंक व्ही. पी.ने मागवणारे वाचक हे वाचत असतील. त्यांना पोस्टमनची ती दारातली हाक आठवेल. त्याच्या हाती दिलेले पैसे मनीऑर्डर होऊन प्रकाशकाकडे जात, आणि मनीऑर्डरीचे कमिशन पुढे पुढे वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच झाले होते! अण्णांच्या वसुलीचे दोन टक्के त्यापुढे गरीब वाटावेत. माझ्या पहिल्या कादंबरीच्या काही व्ही. पी. 'घेण्यास नकार' असा शेरा मिरवीत परत आल्या होत्या. जाण्याचे टपाल माझ्याच खिशातून गेले. सूनबाईंचे परत आलेले टॉवेल पाहिले की मला त्या कादंबऱ्यांचे स्मरण होते. टॉवेल निदान पुन्हा विकले जातात.

परंतु अण्णांचे दुःख टक्क्यांत मावणारे नव्हते. ते मला एकदा शेड बंद करताना कळले. म्हणाले, "मास्तर, पेढीवाला वटाव वाढवायचा तेव्हा आमचे वडील जाऊन त्याच्या गादीवर बसायचे. तासभर बसायचे. चहा यायचा. तो अर्धा टक्का सोडायचा, नाही तर निदान मुलीच्या लग्नाला उचल द्यायचा. आता मोबाइलवर दोन ओळी येतात, एक तारखेपासून दर बदलले म्हणून. मी कुणाच्या गादीवर जाऊन बसू?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. सूनबाईंपाशी होते, पण ते उत्तर म्हणजे जागरण. दर बदलले की ती पोरगी वही घेऊन बसते. चारशे पन्नासचे चारशे पासष्ट केले तर यादीत माल खाली जातो, कुणाच्या नजरेस पडत नाही. तेच ठेवले तर जोडामागे आठ-दहा रुपये सुटतात की नाही याची पंचाईत. आणि त्या आठ-दहा रुपयांवर दुसरा माग चालतो, त्या मागावरच्या कामगाराचा पगार निघतो. गेल्या आषाढात तो माग तीन आठवडे बंद होता. एका मागाचा खडखडाट कमी झाला तर झोप चांगली लागेल असे मला वाटे. तसे झाले नाही. रात्री जाग येई.

आमच्या आळीतल्या एका वहिनींचे प्रकरण याहून मजेचे. त्या शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतात. जीएसटीची नोंदणी नाही, तेवढा पसाराच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा बिननोंदणीच्या लहान विक्रेत्यांनाही ऑनलाइन बाजाराचे दार उघडले. मात्र माल राज्याच्या हद्दीबाहेर पाठवायचा नाही, ही अट. त्यांच्या शुल्कावरचे ते शेकडा १८ मात्र परत मिळत नाहीत, कारण वळते करायला खातेच नाही. नियम करणाऱ्याने नकाशा मुंबईत बसून पाहिला असावा की दिल्लीत, देव जाणे. सोलापुरातून तो वेगळा दिसतो. वहिनींची चटणी दूर गडचिरोलीला जाऊ शकते. अक्कलकोटच्या पलीकडचे आळंद हाकेच्या अंतरावर, पण ते कर्नाटकात; तेथे जाऊ शकत नाही.

"भाऊजी, तिकडच्या माणसांचे फोन येतात हो. मी काय सांगू त्यांना?" वहिनींनी विचारले.

मी काही सुचवण्याआधीच आळंदच्या एका गिऱ्हाइकाने मार्ग काढला. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्याचा भाचा बसने आला, ओट्यावर बसून चहा प्याला, पाच किलो चटणी आणि शंभर भाकऱ्या पिशव्यांत भरल्या, आणि पैसे रोख मोजून दिले. वहिनींनी त्यातली एक नोट उजेडात धरून पाहिली आणि परत करून दुसरी मागितली. ती कडेला फाटलेली होती.