पाइप भरलेला हवा

उन्हाळ्याच्या तोंडावर शिरूर तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. नळपाणी योजनेवर नवा मॅगमीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय प्रवाहमापक, बसून तीन महिने झाले होते आणि त्याच्या आकड्यांवरून गावात वाद पेटला होता. पाणी सोडण्याचं काम करणारे अण्णा मला संपाकडे घेऊन गेले. म्हणाले, "साहेब, मीटर पळतोय जोरात, पण संप काय भरंना."

मीटर बसवला होता संपात उतरणाऱ्या उभ्या पाइपावर, पाइपाच्या उघड्या तोंडापासून हातभर वर. मी काही बोललो नाही. खडू मागितला आणि संपातून बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. संप 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद. म्हणजे पातळी 50 सेंटिमीटर चढली की 10 घनमीटर पाणी आलं. भिंतीवर खडूच्या दोन रेघा मारल्या आणि पाणी वरच्या रेघेपर्यंत येईपर्यंत थांबलो. तेवढ्या वेळात मीटरने 12 घनमीटर मोजले होते.

मीटर नादुरुस्त नव्हता. मॅगमीटर मुळात पाण्याचा वेग मोजतो. वरून पडणाऱ्या पाइपात पाणी कडेकडेने घसरत होतं आणि मधून हवा जात होती. मीटर मात्र पूर्ण भरलेल्या पाइपाचं क्षेत्रफळ धरून गुणाकार करत होता. मापकाला आपण काही गोष्टी गृहीत धरायला लावतो: पाइप भरलेला आहे, प्रवाह सगळीकडून सारखा आहे, पाण्यात परका विद्युतदाब नाही, आतला व्यास बदललेला नाही. अचूकता वाढवायची म्हणजे ही गृहीतकं जागेवर खरी करायची. वीसेक वर्षं शिरूर-दौंडच्या पंपघरांतून आणि कारखान्यांतून फिरल्यावर माझा हा विश्वास पक्का झाला आहे.

यामागचं तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये शोधलं. चुंबकीय क्षेत्रातून वाहक सरकला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. मॅगमीटरमध्ये तो वाहक म्हणजे क्षार विरघळलेलं पाणीच. वर-खाली वेटोळी, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड. मिळणारा दाब म्हणजे चुंबकीय क्षेत्र, व्यास आणि सरासरी वेग यांचा गुणाकार. फॅरेडेंनी 1832 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीवरच हा प्रयोग करून पाहिला. चुंबक पृथ्वीचा, वाहक नदी. प्रयोग फसला. संकेत अगदी क्षीण होता आणि पाण्यात सोडलेल्या धातूच्या पट्ट्यांवरच रासायनिक कारणांनी दाब तयार होत होता.

हे दोन्ही शत्रू आजही आमच्या 50 मिलिमीटरच्या मापकात बसलेले आहेत. चुंबकीय क्षेत्र 5 मिलिटेस्ला आणि वेग सेकंदाला 1 मीटर धरला, तर इलेक्ट्रोडवर मिळतात फक्त 250 मायक्रोव्होल्ट. वेग एकदशांश झाला की 25. धातू आणि पाणी यांच्या संपर्कातून येणारा दाब याच्या हजारो पट असू शकतो. म्हणून वेटोळ्यातल्या विजेची दिशा सेकंदातून कित्येकदा उलटवतात आणि दोन वाचनांतला फरक घेतात. हळूहळू बदलणारा परका दाब त्या वजाबाकीत निघून जातो. आपल्या विजेची 50 आवर्तनांची घरघर घालवण्यासाठी नेमक्या 20 मिलिसेकंदांची सरासरी काढतात, कारण एवढ्या वेळात तिचं एक आवर्तन पूर्ण होऊन बेरीज शून्य होते.

कॉम्पॅक्ट मापकात अडचण वाढते. लांबी आखूड, वेटोळी छोटी, कधी बॅटरीवर चालायचं, म्हणून वीजही बेताची. तिथे सर्वांत उपयोगी पडतो तो साधा उपाय: मापकाचा व्यास पाइपापेक्षा लहान ठेवा. तासाला 5 घनमीटर पाणी 80 मिलिमीटरच्या पाइपातून जाताना वेग सेकंदाला जेमतेम 0.28 मीटर असतो. तेच पाणी 40 मिलिमीटरच्या मापकातून 1.1 मीटर वेगाने जातं. व्यास निम्मा झाला की वेग चौपट, आणि व्यास स्वतः गुणाकारात असल्यामुळे दाब दुप्पट. चुंबकाची टोकं जवळ येतात, त्याचाही फायदा होतो. बदल्यात पाण्याच्या दाबात थोडी घट सोसावी लागते. तरीही अनेक ठिकाणी "पाइप 80चा, मग मीटरही 80चाच" असा आग्रह दिसतो आणि रात्रीचा बारीक प्रवाह हिशेबातून निसटतो. गळती शोधायची तर नेमका तोच हवा असतो.

मोठ्या पाइपाला लहान मापक जोडणाऱ्या निमुळत्या जोडाने आणखी एक काम होतं. वेग मध्ये जास्त, कडेला कमी असला तरी चारही बाजूंनी सारखा असेल, तर मापक सरासरी बरोबर काढतो. पण बेंड किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह जवळ असला की प्रवाह एका अंगाला कलतो. इलेक्ट्रोडजवळच्या पाण्याला मापक जास्त वजन देतो, वर-खालच्या पाण्याला कमी. जे. ए. शर्क्लिफ यांच्या 1962 मधल्या पुस्तकात हे गणित सविस्तर आहे. म्हणून मापकाच्या आधी व्यासाच्या पाचपट आणि नंतर दोन-तीनपट सरळ पाइप मागतात. पंपघर दहा बाय दहाचं असलं की ही जागा कुठून आणायची? सौम्य उताराचा निमुळता जोड कललेला प्रवाह बराच सावरतो. लहान व्यासाला सरळ पाइपही कमी लागतो.

दौंड तालुक्यात, एका रासायनिक कारखान्यात, सांडपाण्याचा आकडा पंप बंद असतानाही नाचायचा. पाइप एचडीपीई प्लास्टिकचा, म्हणजे पाण्याला जमिनीचा संदर्भच नाही, आणि शेजारी पंपाची व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी विद्युत यंत्रणा. दोन्ही फ्लँजना अर्थिंग रिंग घातल्या, संकेताची केबल पॉवर केबलपासून वेगळी केली आणि आकडा शांत झाला. त्याआधी कुणीतरी मापकाचा शून्य पुन्हा लावून पाहिला होता, आणि तोही गळक्या व्हॉल्व्हवर. पाइप भरलेला आणि पाणी खरोखर थांबलेलं असल्याशिवाय शून्य लावू नये. नाहीतर ती गळती कायमची "शून्य" होऊन बसते.

आतल्या थराचंही तसंच. जड पाण्याचा क्षार बसून त्याची वाहकता पाण्यापेक्षा कमी झाली, तर मापक जास्त दाखवतो. वाहक गंज बसला, तर कमी. म्हणून मीटर असा बसवावा की तो खोलून पुसता येईल.

दौंडला पाण्याच्या मापाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. खडकवासल्याचं पाणी नव्या मुठा उजव्या कालव्याने इथे येतं, तेही पुण्याची तहान भागवून. त्याच खडकवासल्यात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 पासून ही संस्था पाण्याच्या वागण्याचा अभ्यास करते आहे. राज्याने 2005 मध्ये कायदा करून पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचं ठरवलं. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला हे माप हाच आधार आहे.

प्रयोगशाळेत चांगल्या मॅगमीटरची चूक वाचनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असते. जागेवर ती किती आहे, हे गावानेच तपासावं असं मला वाटतं. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या श्रद्धेवर. आमचं काम त्या शिकवणीत चपखल बसणारं आहे. संप, मोजपट्टी, घड्याळ. 50 सेंटिमीटरच्या चढाला 5 मिलिमीटरची चूक म्हणजे 1 टक्का. पातळी मीटरभर चढू दिली तर ती अर्ध्यावर येते. दहावी झालेली मुलगीही ही परीक्षा घेऊ शकते, आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर ती घ्यावी.

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे. 3000 वस्तीच्या गावाला रोज 1,65,000 लिटर लागतात. मीटरने 3 टक्के जास्त दाखवलं, तर कागदावर पोचलेलं पण संपात न आलेलं पाणी सुमारे 5000 लिटर होतं. तो 90 माणसांचा वाटा झाला.

अण्णांच्या गावात आम्ही मीटर काढून पंपघराबाहेरच्या उभ्या पाइपावर बसवला, जिथे पाणी खालून वर चढतं आणि पाइप भरलेलाच राहतो. मग पुन्हा खडू घेतला. पाणी वरच्या रेघेला टेकलं तेव्हा मीटरवर 10.1 होते. महिन्याभराने गेलो, तर खडूच्या रेघांच्या जागी ऑइलपेंटच्या रेघा होत्या, आणि शेजारी अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं: "10 घनमीटर".