अम्मींची बानो

मी तिला झाडूने मारलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, केवढी दयाळू बाई!

2022 च्या फेब्रुवारीत एका पहाटे फजरसाठी उठले, दिवा लावला, तर खुर्चीवर घडी करून ठेवलेली जानमाज ओली. वासावरून कळलंच. जानमाज अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, हजहून आणलेली. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. आधी गादी, मग मुलाची इस्त्री केलेली पँट आणि आता ही. कोपऱ्यातला झाडू उचलला आणि बानोच्या पाठीवर एक ठेवून दिला. पूर्वीची बानो असती तर एका उडीत कपाटावर गेली असती. ती बसल्या जागी दबली आणि माझ्याकडे बघत राहिली. आवाजाने हे उठले. म्हणाले, “उद्या नेऊन सोडतो वर्सोव्याच्या मासळी बाजारात. तिथे उपाशी तरी मरणार नाही.” मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

बानो आमच्याकडे आली ती 26 जुलै 2005 च्या पावसात. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर पेपरात वाचलं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की जोगेश्वरीच्या चाळीत कमरेएवढं पाणी आहे आणि हे ऑफिसातून अजून आलेले नाहीत. अम्मी दाराशी खुर्चीवर उभ्या राहून लेकाची वाट बघत होत्या. लेक आला दुसऱ्या दिवशी दुपारी, पण त्याआधी रात्री पाण्यावरून एक खोका तरंगत आला आणि त्यात ओरडणारं राखाडी पिल्लू. अम्मींनी ते पदरात घेतलं. “एक तरी घरी पोहोचलं,” असं म्हणाल्या. तेव्हापासून ती त्यांचीच. चाळ गेली, बिल्डिंग झाली, आम्ही चौथ्या मजल्यावर आलो, तरी रात्री ती अम्मींच्या पायाशीच. 2019 मध्ये अम्मी गेल्या. त्यानंतर महिनाभर बानो त्यांच्या कॉटखाली बसून असायची.

मला मांजरांची आवड नव्हतीच. माझ्या माहेरी, श्रीवर्धनकडे, मांजर म्हणजे सुकटीच्या डब्याची चोर. अम्मींसाठी चालवून घेतलं एवढंच.

तर, झाडूनंतरचे दोन दिवस. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येतं, म्हणून वुजूसाठी बादली भरून ठेवते. असरच्या वेळी गेले तर बानो बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून लपालपा पाणी पितेय. मी थांबले. ती पितच राहिली. एवढं पाणी मांजर पितं? मग आठवायला लागलं, वाटी रोज रिकामी होत होती, मी दोनदा भरत होते. अंगावरचे केस विस्कटलेले. पाठीचा कणा हाताला लागत होता. खाताना बांगड्याचा तुकडा चघळून बाजूला टाकत होती. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर कैक महिने घडत होतं आणि मला दिसली ती फक्त ओली गादी.

ती बादली मी ओतली नाही. अम्मींनी एकदा सांगितलेलं आठवलं. मी नवी सून होते, वुजूच्या पाण्याला मांजराने तोंड लावलं म्हणून कुरकुरत होते. तेव्हा त्यांनी हजरत अबू कतादांची हकीकत सांगितली होती. त्यांची सून कबशा त्यांच्यासाठी वुजूचं पाणी ओतत होती, एक मांजर आलं, तर त्यांनी भांडं कलतं केलं, मांजर पोटभर पिईपर्यंत. सून टक लावून बघत राहिली. तेव्हा त्यांनी हदीस सांगितली, की मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. “हदीसमध्येपण शंका सुनेलाच आली, बघ,” असं म्हणून अम्मी मनापासून हसल्या होत्या. (मूत मात्र नापाकच. जानमाज तीनदा धुतली.)

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे हातही न लावता “वय झालं, आता असंच चालायचं” असं सांगून जंताची गोळी दिली. शेजारच्या खालांनी आणखी एक उपाय सांगितला, की अंग गरम वाटतंय तर तापाची अर्धी गोळी दुधात दे. पॅरासिटामॉल तर प्रत्येक घरात असतंच. मी गोळी मोडलीसुद्धा होती. कसं कोण जाणे, बानोने दुधाला तोंड लावलं नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, आणि एखादी गोळीही जीव घेऊ शकते. भगिनींनो, घरात मांजर असेल तर एवढं लक्षात ठेवाच. आपलं कुठलंही औषध आपल्या अंदाजाने त्याला देऊ नका.

शेवटी मुलगा म्हणाला, परळला नेऊ. भाजीच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत जुनी चादर घातली, वरून ओढणी बांधली. वांद्र्यापर्यंत रिक्षा, पुढे रिक्षा जात नाही म्हणून टॅक्सी. वाटेत बानो एकदाही ओरडली नाही. ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

परळचा जनावरांचा दवाखाना बाई साकरबाईंच्या नावाने ओळखला जातो. पारशी दानशूर सर दिनशा पेटिट यांच्या त्या पत्नी. त्याच आवारात 1886 मध्ये पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. ही माहिती मला मुलाने टॅक्सीत दिली, माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. पण टॅक्सी वळली तो रस्ता माझ्या ओळखीचा होता. इकडे केईएम, तिकडे टाटा. 2018 ची अख्खी दिवाळी आम्ही अम्मींना घेऊन टाटाला खेपा घातल्या होत्या. फुटपाथवर गावाहून आलेले पेशंट, हातात मोठमोठी पाकिटं, स्टोव्हवर चहा. तीन वर्षांत काही बदललं नव्हतं. मी टोपली मांडीवर घट्ट धरली आणि खाली उतरायलाच तयार होईना. मुलगा म्हणाला, “अम्मा, हे तिथे नाही, हे इथे आहे.”

रांगेत एक घोडागाडीवाला होता, एक कॉलेजची मुलगी जखमी कबुतर घेऊन आणि दोन कुत्रे. डॉक्टरांनी बानोला वजनावर ठेवलं. 2 किलो 600 ग्रॅम. एके काळी ती चार किलोंची होती. वय विचारलं, मी म्हटलं येत्या जुलैत सतरा. ते म्हणाले, माणसाच्या हिशोबाने ऐंशीच्या पुढे. पोट हळूच चाचपलं, रक्त घेतलं, लघवी तपासली. क्रिएटिनिन 4.2 आलं. मूत्रपिंड निकामी होत चाललेलं. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या, ही तिसरीवर होती. मूत्रपिंडाचं तीन चतुर्थांश काम जाईपर्यंत रक्तात क्रिएटिनिन फारसं चढतच नाही, असं ऐकल्यावर मी विचारलं, मग आधी कसं कळायचं? “पाणी जास्त पिणं, लघवी जास्त होणं, वजन उतरणं. आणि नको तिथे लघवी. बिचारीला आवरत नाही.” मी झाडूचं सांगितलं नाही. मुलगाही गप्प राहिला.

सोनोग्राफीत आणखी एक दिसलं. आतड्याशेजारी सावली, गाठीसारखी. कॅन्सर असू शकतो. खात्री करायची तर भूल देऊन तुकडा काढायला हवा, आणि अशा मूत्रपिंडाला भूल धोक्याची. डॉक्टर म्हणाले, “घरी विचार करा. घाई नाही, पण वेळही फार नाही.”

घरी त्या रात्री भांडण झालं. नणंदेचा फोन आला, की मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे आणि तुम्ही मांजराची सोनोग्राफी करता? तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे पैसा मोजूनच असतो, आणि बिल्डिंगखाली भाड्याने राहणाऱ्या बाईने मुलाच्या खोकल्याचं औषध अर्धंच आणलं, हेही मला माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी उरलेली बाटली आणून दिली तिला. हिशोब त्याने बरोबर होत नाही, पण दिली. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अम्मीचा तुकडा काढला होता. काढून कळलं काय? जे आधीच कळत होतं तेच. तुकडा नको.” असं ठरलं. मूत्रपिंडाचं करायचं, गाठीला हात लावायचा नाही. बरोबर की चूक, अजून सांगता येत नाही.

मग सुरू झालं सलाइन. एक दिवसाआड शंभर मिलि, शिरेत नाही, कातडीखाली. दवाखान्यात दोनदा शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबू होतो, त्यात सुई. पहिल्यांदा सुई एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, सगळं पाणी माझ्या कुर्त्यावर! आता बाटली खिडकीच्या ग्रिलला टांगते, जिथे अम्मींची तस्बीह लटकायची त्याच खिळ्याजवळ. पाणी गेलं की पाठीवर उंटासारखं मदार येतं, आणि हळूहळू एका पायाकडे उतरतं. मुलं हसतात. सुकट, बोंबील बंद, त्यातलं मीठ आणि फॉस्फरस तिला झेपत नाही. दवाखान्याचं खाणं ती हुंगून निघून जाते. पण मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं तर यकृतात चरबी साचते, म्हणून काही तरी पोटात जायलाच हवं. मऊ उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, कोमट करून बोटावर देते. बोटावरून खाते. वाटीतून नाही.

रमजान त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला आला. सहेरीला उठायचंच, म्हणून सलाइन तेव्हा. अर्धं घर पराठे खातंय आणि मी एका हातात मांजर, दुसऱ्या हातात नळी, तोंडात घास भरवायला मुलगी. अजानला दोन मिनिटं असताना एकदा सुई निसटली, आणि ह्यांनी चहाचा कप खाली ठेवून बानोला धरलं. वर्सोव्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

डॉक्टरांनी शेवटच्या इंजेक्शनचंही सांगून ठेवलंय, त्रास वाढला तर. ह्यांनी मशिदीत मौलानांना विचारलं. ते काय म्हणाले, ते मी इथे लिहीत नाही. ऐकलेलं माझ्या शब्दांत फतव्यासारखं छापून यायला नको, ज्याने त्याने विचारावं. आमचं अजून ठरलेलं नाही. रोज सकाळी आधी कॉटखाली वाकून बघते, पोट हलतंय का.

जुलै लागलाय, पाऊस आहे. बादली तिच्यासाठी जरा उंच पडते, म्हणून काठापर्यंत भरत नाही, कलती करून भिंतीला टेकवून ठेवते. जानमाज आता कपाटात. गुरुवारी वजनाला परळला जायचंय. टोपलीची एक कडी तुटलीय, ती तारेने बांधून घ्यायला हवी. ह्यांनी रजा टाकलीय, मला न सांगता.